गूगल नसलेल्या फोनवर ॲप्स कुठून आणायची?

फोन ठणठणीत असतो, बॅटरी दिवसभर पुरते, काचेला साधा ओरखडाही नसतो. फक्त कंपनीने अपडेट द्यायचं थांबवलेलं असतं. अशा फोनवर लिनिएजओएस, म्हणजे अँड्रॉइडवरच आधारलेली पण गूगलची ॲप्स नसलेली मोफत प्रणाली, टाकलं की तो आणखी काही वर्षं सहज चालतो. सायनोजनमॉड ही अशीच आधीची प्रणाली डिसेंबर २०१६ मध्ये गुंडाळली गेली आणि त्याच्याच कोडवर हे उभं राहिलं. ते फोनवर कसं टाकायचं हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. खरी पंचाईत त्यानंतर होते. फोन सुरू होतो, स्वच्छ, मोकळा, आणि प्ले स्टोअरचा पत्ताच नसतो.

‘शेवटी अँड्रॉइडच आहे, ॲप्स चालणारच,’ हे अर्धंच खरं. पूर्वी विंडोज फोनवाल्यांचं दुःख सरळ होतं: ॲप बनवणाऱ्यानेच पाठ फिरवली की विषय संपला. ३१ डिसेंबर २०१९ नंतर व्हॉट्सॲपही गेलं आणि लुमिया हे विंडोज फोन ड्रॉवरमध्ये पडले. इथे तसं नाही. ॲप मिळतं, इन्स्टॉल होतं, पण उघडल्यावर गूगलच्या सेवा शोधू लागतं आणि त्या नसल्या की रुसून बसतं. त्यामुळे ‘ॲप आहे का?’ असं विचारून भागत नाही. ‘चालतं का, आणि मेसेज वेळेवर येतो का?’ असं विचारावं लागतं.

फोन पुसण्याआधी यादी करा

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती. सध्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग उघडा आणि आठवडाभरात कुठली ॲप्स खरोखर उघडली ते कागदावर उतरवा. माझ्या फोनवर साठेक ॲप्स होती. यादीत आली चौदा. बाकीची कुठल्या तरी सेलच्या वेळी आलेली आणि तशीच मुक्कामाला राहिलेली.

मग प्रत्येक नावापुढे लिहा: याचं काम ब्राउझरमध्ये होतं का? विजेचं बिल, रेल्वेचं आरक्षण, डिजिलॉकर यांचं होतं. ब्राउझरच्या मेनूतून ते पान ‘होम स्क्रीनवर जोडा’ म्हटलं की वेगळ्या ॲपची गरज उरत नाही. जी उरतील ती प्लेक्सस नावाच्या खुल्या यादीत शोधा. कुठलं ॲप गूगलशिवाय कितपत चालतं, हे तिथे लोकांनी स्वतः वापरून नोंदवलेलं असतं. आपल्याकडची स्थानिक ॲप्स त्यात कमी सापडतात, पण मोठी बहुतेक असतात.

बँकेचं ॲप मात्र कागदाच्या अगदी वर लिहा. त्याचं पुढे सविस्तर.

आधी एफ-ड्रॉइड

एफ-ड्रॉइड हे फक्त मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा, ॲप्सचं दुकान. त्याची फाइल त्यांच्या स्वतःच्याच संकेतस्थळावरून ब्राउझरने उतरवा. फोन विचारेल, या ब्राउझरला अज्ञात ॲप्स इन्स्टॉल करू द्यायची का? परवानगी द्या, आणि काम झालं की ती परत काढून घ्या. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगवेगळी द्यावी लागते, त्यामुळे काढणंही सोपं.

माझा रोजचा निम्मा संसार इथेच मिळाला. व्हिडिओ-गाण्यांना व्हीएलसी, मेलला थंडरबर्ड. नकाशाला ओसमँड: महाराष्ट्राचा नकाशा एकदा वाय-फायवर उतरवून ठेवला की घाटात रेंज गेली तरी रस्ता दिसत राहतो. एफ-ड्रॉइडवरच्या आवृत्तीत नकाशे उतरवण्यावर मर्यादाही नाही. मात्र त्यात लाल-पिवळी ट्रॅफिक दिसत नाही. संध्याकाळी सहा वाजता पुण्यातून बाहेर पडणाऱ्याला हे जाणवणारच.

मराठी लिहायला सोबत येणाऱ्या कीबोर्डमध्ये देवनागरी असते. पण रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवायची सवय असेल तर इंडिक कीबोर्ड घ्या. केरळातल्या स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग या गटाचं हे काम, आणि त्यात मराठीही आहे.

एफ-ड्रॉइडवर अपडेट थोडं उशिरा येतं. बहुतेक ॲप्स तिथले लोक मूळ कोडवरून स्वतः बांधतात, त्याला वेळ लागतो. अपडेट चार दिवसांनी आलं म्हणून माझं तरी कधी काही अडलं नाही.

मग ऑरोरा स्टोअर

प्ले स्टोअरवरची फुकट ॲप्स गूगल खात्याशिवाय उतरवायची तर ऑरोरा स्टोअर. तेही एफ-ड्रॉइडवर मिळतं. उघडल्यावर ‘अनामिक’ पर्याय निवडा, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायच्या सामायिक खात्यातून प्रवेश मिळतो. कधीकधी ही सामायिक खाती थकतात आणि प्रवेश मिळत नाही. तासाभराने पुन्हा प्रयत्न करायचा. स्वतःचं मुख्य गूगल खातं तिथे घालू नका. असा वापर गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि खातं अडकलं तर वर्षांचे मेल-फोटोही अडकतील. विकत घेतलेली ॲप्स मात्र अनामिक खात्यावर मिळत नाहीत, ती सोडून द्यावी लागतात.

व्हॉट्सॲप आणि सिग्नल आपली फाइल स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवतात. तिथून घेतलेली चालते. ‘मोफत प्रो आवृत्ती’ देणाऱ्या साइटवरून काहीही घेऊ नका.

इथे एक नियम पाळा: एका ॲपचा एकच उगम. प्रत्येक ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. एफ-ड्रॉइडवरून घेतलेल्या ॲपवर बऱ्याचदा एफ-ड्रॉइडची सही असते, प्लेवरच्यावर दुसरी. एकीकडचं ॲप दुसरीकडून अपडेट करायला गेलात तर फोन नुसतं ‘ॲप इन्स्टॉल झाले नाही’ म्हणतो आणि कारण सांगत नाही. मी त्यावर एक अख्खा रविवार घालवला. आधी जागा कमी म्हणून फोटो उडवले, मग फोन दोनदा बंद-चालू केला. उपाय एकच होता. ॲपमधल्या माहितीचा बॅकअप घ्यायचा, ते काढायचं आणि एकाच ठिकाणहून पुन्हा घ्यायचं.

मेसेज उशिरा येतात?

अनेक ॲप्सच्या सूचना गूगलच्या सेवेतून फिरून येतात. ती सेवा नसेल तर ॲप उघडल्यावर एकदम चाळीस मेसेज धपकन पडतात. सिग्नल स्वतःची जोडणी उघडी ठेवतं, त्याचं अडत नाही. बाकीच्यांसाठी मायक्रोजी आहे. गूगलच्या सेवांची ही मुक्तस्रोत नक्कल आहे, गरजेपुरतीच. लिनिएजओएसच्या अधिकृत आवृत्त्यांत ती २०२४ पासून चालते.

क्रम महत्त्वाचा: आधी मायक्रोजी आणि तिचं जोड ॲप, मग तिच्या सेटिंगमध्ये उपकरण नोंदणी आणि क्लाउड मेसेजिंग चालू, आणि त्यानंतर व्हॉट्सॲप. व्हॉट्सॲप आधीच टाकलं असेल तर चॅटचा बॅकअप घेऊन ते काढा आणि पुन्हा टाका. शेवटी त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनिर्बंध’ निवडा.

एवढा खटाटोप नको असेल तर लिनिएजओएस टाकतानाच, फोन पहिल्यांदा सुरू होण्याआधी, गूगल ॲप्सचं पॅकेजही टाकता येतं. मग प्ले स्टोअर नेहमीसारखं मिळतं. त्यात कमीपणा काही नाही. आईच्या फोनवर मी तेच केलं.

बँक आणि यूपीआय

इथे प्ले स्टोअर असूनही गाडी अडू शकते. बँकेची ॲप्स गूगलला विचारतात, हा फोन प्रमाणित आहे का, त्याचा बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्रॅम) कुलूपबंद आहे का? लिनिएजओएससाठी ते कुलूप आपण उघडलेलं असतं. उत्तर नकारार्थी आलं की काही ॲप्स दुर्लक्ष करतात, काही दार लावून घेतात. माझ्या बँकेचं ॲप तीन आठवडे गुण्यागोविंदाने चाललं. मग एका अपडेटनंतर, औषधाच्या दुकानात, मागे रांग असताना पडद्यावर आलं: ‘तुमचे उपकरण असुरक्षित आहे.’ खिशात सुटे होते म्हणून वाचलो.

ही तपासणी चकवायच्या युक्त्या नेटवर फिरतात. मी त्या नादाला लागत नाही. आज चालणारी युक्ती उद्या चालेलच असं नाही, आणि पैशांच्या व्यवहारात ते परवडत नाही. फोन रूटही करू नका, म्हणजे प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवू नका, त्याने कटकट वाढतेच. सोय अशी ठेवा:

मोठे व्यवहार ब्राउझरमधून नेटबँकिंगवर. किरकोळ रकमांना *९९#. बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून हे डायल केलं की इंटरनेटशिवाय यूपीआय होतं, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत. तुमच्या सिमवर ते लागतं का, हे आधी घरी बसून बघा. तिसरा मार्ग यूपीआय १२३पे: मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवाल्यांसाठी आलेली ही सेवा फोन करूनही वापरता येते, मर्यादा १०,००० रुपये. मात्र यांपैकी कशानेही दुकानातला क्यूआर कोड स्कॅन होत नाही.

म्हणून जुना, कंपनीचीच प्रणाली असलेला एखादा फोन घरात असेल तर विकू नका. यूपीआयची नोंदणी सिममधून जाणाऱ्या एसएमएसवर होते, तेव्हा बँकेचा नंबर असलेलं सिम त्याच फोनमध्ये ठेवा आणि रोजच्या फोनमध्ये दुसरं. माझा असा फोन टीव्हीशेजारच्या कप्प्यात चार्जरला लावलेला असतो. भिशीच्या तारखेला आणि वाण्याचं महिन्याचं बिल द्यायला तो बाहेर निघतो.