परदेशातील लांब मुक्कामानंतर मराठवाड्यात परतताना करावयाची तयारी

मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत पाच-सहा महिने राहून छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर किंवा नांदेडला परतणारे आई-वडील आता मराठवाड्यात गल्लोगल्ली भेटतात. जाण्याची तयारी सगळे घर मिळून करते. परतीची तयारी मात्र शेवटच्या आठवड्यात बॅगा भरण्यापुरतीच उरते, आणि घरी पोचल्यावर कोरडी टाकी, बंद पडलेला मोबाईल नंबर व उलटसुलट झालेली झोप हे सारे एकाच दिवशी समोर येते. बॅगा भरायला चार दिवस पुरतात. बंद घर, पाणी, शेती आणि स्वतःचे शरीर यांच्या तयारीला महिना लागतो, म्हणून ती निघण्याच्या महिनाभर आधी तिकडूनच सुरू करावी.

सर्वांत आधी परतीची तारीख तपासावी. पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा असला तरी एका खेपेला किती दिवस राहता येईल हे त्यावरून ठरत नाही. अमेरिकेत उतरताना जी नोंद होते, म्हणजे आय-९४, तिच्यातील तारीख बंधनकारक असते आणि ती बहुधा सहा महिन्यांची असते. ही नोंद सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट क्रमांक टाकून पाहता येते. शेवटच्या दिवसाचे तिकीट काढू नये. विमान रद्द झाले किंवा ऐन वेळी आजारपण आले तर हाताशी आठ-दहा दिवस असावेत, कारण मुदतीपेक्षा जास्त राहिल्याची नोंद पुढच्या व्हिसाच्या वेळी आडवी येते. प्रवासी आरोग्य विमा उतरण्याच्या दिवसापर्यंत चालू आहे ना, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.

तारीख ठरवताना आपल्याकडचा ऋतू विसरू नये. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि पाण्याची ओढाताण शिगेला पोचलेली असते. थंड हवेतून थेट त्या उन्हात उतरणे साठी ओलांडलेल्या शरीराला झेपत नाही. ज्यांना शेती नाही त्यांनी एप्रिलमध्ये जाऊन सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परतणे माझ्या मते सर्वांत सोयीचे. शेती असणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि नवे साल त्याच दिवशी ठरते, तेव्हा पाडव्यानंतर परतणाऱ्याने हा व्यवहार कोण पाहणार हे आधीच ठरवून ठेवावे. जमीन बटईने दिली असेल तर बी-बियाणे, खते आणि फवारणीचा खर्च कोणी किती केला याची यादी व्हॉट्सअॅपवर मागवून घ्यावी, म्हणजे आल्या आल्या तोंडी हिशेबावरून मने दुखावत नाहीत. खरिपाची ई-पीक पाहणी झाली की नाही आणि सातबाऱ्यावर कोणते पीक लागले, हे तिकडूनही ऑनलाइन पाहता येते.

विमान कोणत्या शहरात उतरवायचे याचा विचार नकाशा समोर ठेवून करावा. संभाजीनगर, जालना आणि बीडकरांना मुंबई सोयीची आहे. नांदेडकरांना मात्र हैदराबाद मुंबईच्या सुमारे निम्म्या अंतरावर पडते, आणि उदगीर, लातूरकडच्यांनाही बिदरमार्गे तेच जवळ आहे. तरीही सवयीने मुंबईचेच तिकीट काढले जाते. आंतरराष्ट्रीय विमानातून उतरल्यावर बॅगा सहसा पहिल्याच विमानतळावर ताब्यात घेऊन कस्टममधून बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे पुढचे देशांतर्गत विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये पाच-सहा तास तरी ठेवावेत. देवगिरी, तपोवन, नंदीग्राम या गाड्यांचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. त्याच दिवशी मुलाला बसवून तिकीट काढून घ्यावे. विमान पहाटे उतरत असेल आणि गाडी रात्रीची असेल, तर दिवस फलाटावर काढू नये. नातेवाइकांकडे किंवा साध्या हॉटेलात पाठ टेकावी.

आता घराकडे वळू, कारण खरी मेहनत तिथे आहे. किल्ली ज्यांच्याकडे ठेवली आहे त्या शेजाऱ्यांना किंवा पुतण्या-भाच्याला निघण्याच्या आठवडाभर आधी घर उघडायला सांगावे, आणि ते दिवसाउजेडी उघडायला सांगावे. गावाकडचे घर असेल तर काठी आणि बॅटरी घेऊनच आत जावे. बंद घरात उंदीर शिरतात आणि उंदरांच्या मागे साप येतो. आत गेल्यावर आधी दारे-खिडक्या उघडाव्यात. गॅसचा वास येत असेल तर विजेच्या बटणाला हात लावू नये. न्हाणीघरातील आणि स्वयंपाकघरातील जाळ्यांमध्ये तांब्या-तांब्या पाणी ओतावे, कारण तिथले पाणी महिनोन्‌महिने वाळून गेलेले असते आणि मग गटाराचा वास व झुरळे थेट घरात येतात. लाकडी चौकटी आणि कपाटांच्या मागची बाजू वाळवीसाठी पाहावी. इन्व्हर्टरच्या बॅटरीतील पाण्याची पातळी खाली गेलेली असते. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घातल्याशिवाय तो चालू करू नये. डब्यात उरलेले पीठ टाकून द्यावे, आणि साठवलेल्या ज्वारीला कीड लागली आहे का हे वरचे दोन मूठ दाणे पाहून न ठरवता पोत्याच्या तळापर्यंत हात घालून पाहावे.

पाण्याचा विषय मराठवाड्यात स्वतंत्रपणे पाहावा लागतो. आपल्या बहुतेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, सोडण्याचा दिवस ठरलेला असतो, आणि आपण गेल्यापासून तो बदललेलाही असू शकतो. तो दिवस विचारून घ्यावा आणि त्याच्या आधी गच्चीवरची टाकी व खालचा हौद घासून धुऊन घ्यावा. तळाशी राहिलेले जुने पाणी नव्या पाण्यात मिसळू देऊ नये. कूलरमध्ये, कुंड्यांच्या बशांमध्ये आणि गच्चीवरच्या डब्यांमध्ये पावसाचे पाणी साचलेले असते. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, म्हणून ती भांडी नुसती उपडी न करता आतून घासावीत. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा फिल्टर बदलावा, आणि तो बदलेपर्यंत पाणी उकळून प्यावे. ज्या दिवशी आपण पोचणार त्या दिवशी टाकी भरलेली असणे हे सगळ्या तयारीत मी सर्वांत वर ठेवतो. थकलेल्या माणसाला घरी आल्यावर पहिल्यांदा आंघोळ हवी असते.

मोबाईल नंबरकडे दुर्लक्ष करू नये, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही तर तो बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तेवढी रक्कम कापून मुदत ३० दिवसांनी वाढते. मुलांनी तिकडून वेळोवेळी रिचार्ज करावा आणि निघण्यापूर्वी नंबर चालू असल्याची खात्री करावी. घर बंद असताना महावितरणचे बिल सरासरीने येते, तेव्हा पोचल्यावर मीटरचा फोटो काढून ते दुरुस्त करून घ्यावे.

सामानाच्या बाबतीत नातेवाइकांच्या मागण्यांपेक्षा कायदा मोठा मानावा. गावाकडून कोणी तिकडचे भाजीपाल्याचे बी आणायला सांगितले तर स्पष्ट नकार द्यावा. बियाणे व रोपे आणण्यास परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. ड्रोन आणि ई-सिगारेट आणू नयेत. एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो, मात्र सपाट पडद्याच्या टीव्हीवर शुल्क बसते. परदेशातून दागिने आणण्याची स्वतंत्र सवलत एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेल्यांसाठी आहे, सहा महिन्यांच्या मुक्कामाला ती मिळत नाही. जाताना अंगावर नेलेले दागिने आपलेच आहेत हे दाखवण्यासाठी पावत्या किंवा जुने फोटो जवळ ठेवावेत. मुलांनी हातावर ठेवलेल्या डॉलरच्या नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त असतील तर कस्टमला लेखी सांगावे लागते. घरी आल्यावर २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात आणि त्यावरील रक्कम १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत विक्रेत्याकडे बदलून घ्यावी लागते.

औषधे चेक-इन बॅगेत टाकू नयेत. तिकडच्या डॉक्टरांचे कागद, तपासण्यांचे अहवाल आणि औषधाचे मूळ नाव लिहून आणावे, कारण आपल्याकडे तेच औषध दुसऱ्या नावाने मिळते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी प्रवासाच्या दिवशीच्या वेळा डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. विमानात दर दोन तासांनी उठून चालावे. अमेरिकेतून पूर्वेकडे आल्यावर झोप बसायला आठवडाभराहून जास्त वेळ लागू शकतो. सकाळी कोवळ्या उन्हात फिरणे आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणे हाच त्यावर उपाय आहे. पहिले तीन दिवस गाडी चालवू नये. भेटायला येऊ म्हणणाऱ्यांना चौथ्या दिवसानंतर बोलवावे. माणसे समजून घेतात, आणि चहापाण्याची घाई तब्येतीपेक्षा महत्त्वाची नाही.

नातवंडांचा निरोप हाही तयारीचाच भाग आहे. जाण्याचा दिवस त्यांच्यापासून लपवू नये. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो त्यांच्याच हाताने रंगवून घ्यावा आणि रोज एक चौकोन खोडू द्यावा, म्हणजे सकाळी उठल्यावर आजी-आजोबा दिसले नाहीत असा धक्का त्यांना बसत नाही. परतल्यावर रिकामे घर आपल्यालाही खायला उठते, विशेषतः संध्याकाळी. म्हणून देवळातले भजन, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा शेताची फेरी, जे काही आपले नेहमीचे होते ते पहिल्याच आठवड्यात पुन्हा सुरू करावे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला लक्षात ठेवावा.

व्हिडिओ कॉलची वेळ मात्र निघण्यापूर्वीच ठरवावी. न्यूयॉर्कमध्ये सकाळी साडेसातला, शाळेत जाण्याआधी, नातवंडे भेटणार असतील तर उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात; नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, आणि तेव्हापासून मार्चपर्यंत तोच फोन आपल्याला सहा वाजता लावावा लागतो.