डीएनएची उदाहरणं: आधी टोकं, मग अक्षरं

डीएनएच्या दोन साखळ्यांत ए समोर टी, जी समोर सी (ही चार बेसची अक्षरं) हे बहुतेकांना झोपेतही आठवतं. तरी गुण जातात, कारण साखळीची टोकं लिहायची राहतात. 5′ म्हणजे साखरेच्या पाचव्या कार्बनवर फॉस्फेट असलेलं टोक, 3′ म्हणजे तिसऱ्या कार्बनवर मोकळा हायड्रॉक्सिल असलेलं. प्रश्नात टोकं दिली नसतील तर डावीकडे 5′ धरायचं.

समजा दिलंय:

5′ एटीजी जीसीटी एएसी 3′

पूरक साखळी उलट दिशेची, म्हणून खाली 3′ ने सुरुवात:

3′ टीएसी सीजीए टीटीजी 5′

आता एमआरएनए, म्हणजे डीएनएवरून बनणारी, प्रथिनाचा संदेश नेणारी प्रत; तिच्यात टी ऐवजी यू असतो. दिलेली साखळी कोडिंग (एमआरएनएसारख्याच क्रमाची) आहे की टेम्प्लेट (जिला पूरक एमआरएनए बनतो), हे आधी शोधा. कोडिंग असेल तर टी च्या जागी यू घातला की झालं: 5′ एयूजी जीसीयू एएसी 3′, म्हणजे तीन-तीन अक्षरांमागे एक अशी अमिनो आम्लं: मेथिओनिन, अ‍ॅलॅनिन, अ‍ॅस्परॅजिन. तीच टेम्प्लेट असेल तर 5′ जीयूयू एजीसी सीएयू 3′, म्हणजे व्हॅलिन, सेरिन, हिस्टिडिन. टोकं न बघता पूरक अक्षरं डावीकडून वाचली तर यूएसी सीजीए यूयूजी मिळतं. त्यातूनही टायरोसिन, आर्जिनिन, ल्युसिन असं अगदी खरं वाटणारं उत्तर निघतं. म्हणूनच ही चूक सहसा पकडली जात नाही.

आकडेमोडीत घोळ होतो तो जोड्या आणि न्यूक्लिओटाइड (साखळीतला एकेक घटक, जोडीत दोन) यांत. 2000 जोड्यांच्या डीएनएत ए 20 टक्के असेल, तर टी 20, जी 30, सी 30. पण टक्के काढायचे ते 4000 न्यूक्लिओटाइडचे. ए 800, म्हणून ए-टी जोड्या 800 आणि जी-सी जोड्या 1200. हायड्रोजन बंध (ए-टी जोडीत 2, जी-सी जोडीत 3): 800 × 2 + 1200 × 3 = 5200. उत्तर 2600 आलं तर टक्के 2000 चे काढलेत.

ए आणि टी समान दिलेच नसतील तर डोकं खाजवू नका: तो एकसाखळी डीएनए आहे, फाय एक्स 174 विषाणूसारखा. तिथे चारगाफचा नियम (ए = टी, जी = सी) लावायचाच नाही.

त्याच 2000 जोड्यांच्या लांबीला जोडीमागे 0.34 नॅनोमीटर, म्हणजे 680 नॅनोमीटर. पाठ्यपुस्तकी 10 जोड्यांचा वेढा धरला तर वेढे 200. फॉस्फोडायएस्टर बंध (एकाच साखळीतल्या शेजारच्या न्यूक्लिओटाइडना जोडणारे) मोजताना रेषीय रेणूत प्रत्येक साखळीत एक कमी, म्हणून 3998. प्लाझ्मिड (जिवाणूतला छोटा जादा डीएनए) वर्तुळाकार असल्याने पूर्ण 4000.