जंगलाच्या आठवणी नोंदवायच्या कशा, टिकवायच्या कशा

जंगलालगत आयुष्य काढलेल्या माणसाला घरात बसवून "पूर्वी जंगल कसं होतं?" असं विचारलं, तर "दाट होतं" यापलीकडे फारसं हाती लागत नाही. तोच माणूस जुन्या वाटेवर उभा राहिला की वणवा कुठपर्यंत आला होता, ओंडके कुठून ओढून न्यायचे, हे आपणहून सांगू लागतो. म्हणून मुलाखत दोनदा घ्या: आधी बसून तासभर, मग वेगळ्या दिवशी चालत.

रेकॉर्डिंगला फोन चालतो, फक्त फाइल एमपी३ नको. वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाइल) ठेवा, सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनेलवर, तासाला साधारण ५२० एमबी लागतात. कॉलरला लावायचा माइक घ्या आणि त्यावर केसाळ टोपी चढवा. एवढ्याशा टोपीत काटकसर करू नका. वाऱ्याच्या झोताने माइकचा आवाज फाटला की तो शब्द कुठल्याही सॉफ्टवेअरने धड परत येत नाही.

सुरुवातीला तारीख, ठिकाण, दोघांची नावं आणि परवानगी रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या. कागद हरवतो, आवाजाला चिकटलेली माहिती सहसा हरवत नाही.

चालताना सगळ्यात जास्त घात करतात ते "इथे", "तिकडे", "त्या बाजूला" हे शब्द. सांगणारा हात करून दाखवतो आणि हात काही रेकॉर्ड होत नाही. तो बोलायचा थांबला की तुम्ही म्हणा, "म्हणजे ओढ्याच्या उत्तरेला, दुभंगलेल्या खडकापाशी." चूक असेल तर तो लगेच दुरुस्त करतो. प्रत्येक थांब्याला क्रमांक द्या, तो मोठ्याने उच्चारा आणि जीपीएसचा बिंदू त्याच क्रमांकाने साठवा. नंतर नकाशा आणि आवाज जुळवताना डोकेफोड होत नाही.

साल थेट विचारू नका. लोक सौजन्यापोटी काहीतरी आकडा सांगून टाकतात. मोठा पूर, रस्ता होणं, थोरल्या मुलाचा जन्म, यांच्या आधी की नंतर, ते विचारा आणि नोंदीत "अंदाजे" लिहा. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही ठेवा, निवाडा करू नका. झाडाचं स्थानिक नाव जसं ऐकलं तसं लिहा, सोबत पानाच्या दोन्ही बाजू, खोडाची साल आणि फूल किंवा फळ यांचे फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. एकच नाव दोन वेगळ्या झाडांना असतं.

जुने फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) टिफमध्ये, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या फाइलमध्ये, स्कॅन करा. मूळ फोटोला लॅमिनेशन, सेलोटेप आणि पीव्हीसी प्लॅस्टिकचे अल्बम वर्ज्य. मागे लिहायचंच तर कडेला, मऊ पेन्सिलीने. फिल्मला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती ताबडतोब वेगळी ठेवा, तिची वाफ शेजारच्या फिल्मचीही झीज वाढवते.

जुन्या फोटोच्या जागेवरून नवा फोटो काढणं हे स्वस्तातलं उत्तम साधन आहे. जवळचा खडक आणि लांबची डोंगरधार एकमेकांसमोर जुन्या फोटोसारखी येईपर्यंत डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे सरका. लेन्स वेगळी असली तरी कातरून भागतं. उभं राहण्याची जागा चुकली तर मात्र काही भागत नाही. ऋतूही तोच हवा, नाहीतर पानगळीलाच जंगलतोड समजाल.

सगळं बोलणं शब्दशः लिहून काढायला तासाच्या रेकॉर्डिंगमागे पाच-सहा तास सहज जातात. आधी दर पाच मिनिटांना विषयाची एक ओळ लिहून सूची करा. शोधायला बहुतेक वेळा तेवढी पुरते. प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. वर्षातून एकदा चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला, ती बदलली की बदलणारा आकडा) ताडून पाहा, कारण बिघडलेली फाइल यादीत अगदी ठणठणीत दिसते.

परवानगी तीन गोष्टींची वेगवेगळी घ्या: जपून ठेवणे, गावात ऐकवणे, इंटरनेटवर टाकणे. पहिलीला हो म्हणणारा तिसरीला नाही म्हणू शकतो. दुर्मीळ औषधी वनस्पती, घरटी, पूजास्थानं यांचे अक्षांश-रेखांश जाहीर प्रतीत दशांशानंतर दोनच अंकांपर्यंत ठेवा, म्हणजे नेमकेपणा साधारण किलोमीटरवर येतो. फोटोच्या फाइलमध्ये दडलेलं ठिकाणही पुसा. बहुतेकांचा हाच टप्पा राहून जातो. आणि काहीही जाहीर करण्याआधी पहिली प्रत सांगणाऱ्याच्या घरी पोचवा, त्याला वगळायचं असेल ते वगळा.