विमा कंपनी बुडाली, प्रीमियमचे कर्ज मागे राहिले: सोलापूरच्या कारखानदाराने काय करावे

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतील चादर-टॉवेलच्या कारखान्याचा विमा उतरवताना मालक वर्षाचा सगळा प्रीमियम रोख भरतोच असे नाही. पुष्कळदा बँक ती रक्कम कॅश क्रेडिट खात्याला नावे टाकते, किंवा एखादी वित्त कंपनी प्रीमियम भरून मालकाकडून मासिक हप्ते घेते. १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार प्रीमियम आगाऊ मिळाल्याखेरीज विमा कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. त्यामुळे कंपनीला वर्षाचे पैसे पहिल्या दिवशीच पोहोचलेले असतात आणि उधारी उरते ती फक्त मालक व कर्ज देणारा यांच्यात. विमा कंपनी बुडाल्यावर काय करायचे आणि काय टाळायचे, ते सगळे या एका वस्तुस्थितीवर अवलंबून आहे.

कंपनी ‘बुडाली’ अशी बातमी कानावर आली की प्रथम तिची नेमकी अवस्था तपासावी. भारतात विमा कंपनीने सॉल्व्हन्सी रेशो (देणी भागवण्याची क्षमता दाखवणारे गुणोत्तर) किमान १.५ राखावा असा नियम आहे. तो खाली गेला म्हणजे कंपनी बंद झाली असे नव्हे. विमा नियामक आयआरडीएआय कलम ५२ए खाली आयुर्विमा कंपनीवर प्रशासक नेमते, तेव्हाही चालू पॉलिसी आपोआप संपत नाहीत. २०१७ मध्ये सहारा इंडिया लाइफवर प्रशासक आला, तेव्हा जुन्या पॉलिसींची सेवा चालूच होती. कधी कधी सगळा व्यवसाय दुसऱ्या विमा कंपनीकडे सोपवला जातो आणि पॉलिसी तिथे पुढे चालते. म्हणून या टप्प्यावर घाबरून स्वतःच पॉलिसी रद्द करू नये, कारण रद्द करणारे आपण असलो तर पॉलिसीच्या अटींनुसार परतावा कमी मिळू शकतो. मात्र न्यायाधिकरणाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश देऊन अवसायक (कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) नेमला असेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

अशा वेळी पहिले काम नव्या विम्याचे, आणि ते त्याच दिवशी व्हावे. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला पहाटे लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. सूत, कापूस आणि तयार माल यांनी भरलेल्या गोदामाजवळ ‘आठवडाभर विम्याविना चालेल’ असे कोणी म्हणू नये. एका ठिकाणच्या मालमत्तेचे मूल्य ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहेत. माल बँकेकडे तारण असेल, तर नव्या पॉलिसीत बँकेचे नाव घालून प्रत शाखेत द्यावी. नाहीतर बँक आपल्या मर्जीने विमा उतरवून त्याचाही खर्च खात्याला टाकू शकते. मालवाहू वाहनांचा तृतीय पक्ष विमा कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून तो एक दिवसही खंडित होऊ देऊ नये.

दुसरे काम कर्जाचे, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात. पॉलिसीच उरली नाही तर हप्ता कशासाठी भरायचा, हा विचार स्वाभाविक आहे. पण तो अंगलट येतो. कर्जाचा करार वेगळा आहे, आणि त्यात काही निराळे लिहिलेले नसेल तर विमा कंपनीच्या दिवाळखोरीने तो संपत नाही. हप्ता परत गेला की दंड आकार लागतो, सिबिलवर नोंद होते आणि पुढच्या हंगामातील सूतखरेदीचे कर्ज अडते. त्याऐवजी कर्ज देणाऱ्याला लेखी कळवावे, बाकीचे विवरण मागावे, मुदतवाढ किंवा हप्त्यांची नवी आखणी मागावी, आणि करारातील परताव्याचे कलम नीट वाचावे, कारण प्रीमियमचा परतावा आधी कर्जात वळवण्याचा हक्क कर्ज देणाऱ्याला बहुधा त्याच कलमाने मिळालेला असतो.

हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने मांडतो. प्रीमियम १,२०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २१,६०० रुपये, एकूण १,४१,६०० रुपये. मालकाने ४१,६०० रुपये स्वतः भरले आणि १,००,००० रुपये कर्ज घेतले. पॉलिसी १४६ दिवस चालून बंद पडली, म्हणजे २१९ दिवस, वर्षाचे ६० टक्के, शिल्लक राहिले. न वापरलेल्या मुदतीचा प्रीमियम ७२,००० रुपये होतो. कर्जाचे मुद्दल तोवर ५०,००० रुपये उरले असेल, तर पूर्ण परतावा मिळाल्यास कर्ज फिटून २२,००० रुपये मालकाचे. पण अवसायकाने त्यातले निम्मेच, ३६,००० रुपये दिले, तर उरलेले १४,००० रुपये मालकालाच फेडावे लागतील. परताव्याबरोबर कराची क्रेडिट नोट (कर कमी केल्याचा कागद) आली, तर आधी घेतलेला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, त्या प्रमाणात उलटवावा लागतो.

अवसायकाकडे दावा मुदतीत दाखल करावा. आधीच घडलेल्या नुकसानीची भरपाई आणि न वापरलेला प्रीमियम हे दोन वेगळे दावे आहेत. ते वेगवेगळे मांडावेत. पॉलिसी, प्रीमियमची पावती, कर्जाचा करार, बँकेचा उतारा आणि सर्व्हेअरचा (नुकसान मोजणाऱ्या तज्ज्ञाचा) अहवाल असेल तर तोही जोडावा. परतावा एजंटच्या खात्यात जमा होऊ नये, अशी तरतूद कलम ६४ व्हीबीमध्येच आहे. तेव्हा ‘माझ्या खात्यावर येईल, मी देतो’ असे कोणी म्हटले तर स्पष्ट नकार द्यावा.

इंटरनेटवर सापडणारा बराचसा इंग्रजी सल्ला अमेरिकेचा असतो. तिथे प्रत्येक राज्यात हमी निधी आहे आणि तो ठरावीक मर्यादेपर्यंत दावे भागवतो. भारतात साधारण विमाधारकांसाठी असा निधी नाही. ५ लाखांचे संरक्षण बँकेतील ठेवींना आहे, विम्याला नव्हे. म्हणून तो सल्ला वाचून इथे हप्ते थांबवू नयेत.

ब्रोकरने कंपनीची अवस्था ठाऊक असून दडवली असे वाटले, तर आधी त्याच्याकडे लेखी तक्रार करावी. मालकी एकट्याची असेल किंवा उद्योग सूक्ष्म असेल, तर पुढे पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. कर्ज देणाऱ्याने चुकीचा दंड लावला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. दोन्हीकडे पहिल्या तक्रारीची तारखेसह पोच लागते, म्हणून ती पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये ठेवावी.