गेममध्ये कापले गेलेले पैसे परत कसे मागायचे

सुटीचे दिवस, वडील केळीच्या बागेत, पोरगं घरी आणि मोबाइल एकच. संध्याकाळी बँकेचे चार मेसेज एकदम दिसतात. आपल्याकडे अशा वेळी "जाऊ द्या ना भो, पोरानंच दाबलं" म्हणून विषय मिटवतात. मिटवू नका. पैसे परत मागता येतात, पण मुदत तासांत मोजली जाते.

सगळ्यात आधी, गेममध्ये घेतलेली रत्नं, नाणी, जे असेल ते तसंच राहू द्या. वापरून संपलेल्या वस्तूचे पैसे परत मिळणं फार अवघड. रागाच्या भरात गेमही उडवू नका. तक्रारीत खेळाडू आयडी लागतो, तो आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. बँकेचा मेसेज आणि जीमेलवर आलेली पावतीही जपा. गूगलच्या पावतीवर 'जीपीए'ने सुरू होणारा ऑर्डर नंबर असतो.

अँड्रॉइडवर खरेदीला 48 तास व्हायच्या आत थेट गूगलकडे अर्ज करा. ब्राउझरमध्ये प्ले स्टोअरची वेबसाइट उघडा, ज्या जीमेलवरून खरेदी झाली त्याच खात्याने. प्रोफाइलच्या चित्रावर दाबा, 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा, ऑर्डरची यादी उघडा आणि त्या ऑर्डरखाली 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' निवडा. चार खरेद्या असतील तर चार वेगळे अर्ज. कारण खरं लिहा: "लहान मुलाकडून, परवानगीशिवाय." मुलानं केलेली खरेदी 'अनोळखी माणसाने पैसे काढले' म्हणून दाखवली की अर्ज तिथेच कच्चा पडतो. उत्तर बहुधा एका दिवसात येतं, कधी चार दिवसही लागतात. 48 तास उलटले असतील तर गेम बनवणाऱ्या कंपनीला लिहावं लागतं; तिचा ईमेल गेमच्या प्ले स्टोअर पानावर असतो. आयफोनवर हेच काम ॲपलच्या 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' वेबसाइटवर होतं.

कॉम्प्युटरवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा नियम स्पष्ट आहे: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेला गेम असेल तर पैसे परत. म्हणून नवा गेम आधी आपल्या कॉम्प्युटरवर नीट चालतो का, ते पहिल्या अर्ध्या तासात बघून घ्या. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातही 14 दिवस आहेत, पण डाउनलोड सुरू केलं की ती सवलत जाते.

एक चूक बरेच जण करतात: थेट बँकेत जाऊन व्यवहार अमान्य करतात. त्यातून गेमचं खातं बंद पडू शकतं आणि आधी घेतलेलं सगळं अडकतं. अमेरिकेत फोर्टनाइट बनवणाऱ्या एपिक गेम्सवर तिथल्या व्यापार आयोगाने अशी खाती बंद केल्याचाही आरोप ठेवला होता. 2022 मध्ये कंपनीने ग्राहकांच्या परताव्यासाठी 24.5 कोटी डॉलर देणं मान्य केलं. आधी दुकान (प्ले स्टोअर, ॲपल, स्टीम), मग गेमची कंपनी, बँक शेवटी.

आता हे पैसे जातात कसे ते बघा, कारण खरी लबाडी तिथेच आहे. समजा एक पोशाख 600 रत्नांचा आहे. रत्नांचे गठ्ठे मात्र दोनच: 500 चा 400 रुपयांना, 1100 चा 800 रुपयांना. पोरगं 1100 चा घेतं. पोशाखाची किंमत रुपयांत पडली साधारण 436, खिशातून गेले 800. उरलेली 500 रत्नं पुढच्या 600 च्या पोशाखाला शंभरने कमी पडतात, मग पुन्हा गठ्ठा. हा हिशेब मुलाला वहीवर मांडून दाखवा. नुसत्या रागावण्यापेक्षा तो जास्त लक्षात राहतो. आमच्या मते वस्तूची किंमत रुपयांत लिहिणं कंपन्यांना सक्तीचं हवं.

कुलूप लावायचं तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये खरेदीची पडताळणी 'प्रत्येक खरेदीसाठी' ठेवा आणि त्यासाठी मुलाचं बोट फोनमध्ये नोंदवलेलं नाही ना, हे तपासा. तिथला महिन्याचा बजेट पर्याय फक्त इशारा देतो, खरेदी अडवत नाही. त्याच्यावर विसंबू नका. गेम काढून टाकला तरी मासिक वर्गणी चालूच राहते. ती सबस्क्रिप्शन्समधून रद्द करा आणि यूपीआय ॲपमधलं ऑटोपेही बघा.

कंपनी दाद देत नसेल तर 1915 वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. ॲप-वेबसाइटवर ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध ('डार्क पॅटर्न') केंद्राने 2023 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, त्यात 13 प्रकार दिले आहेत. खोटी घाई आणि वर्गणीचा सापळा हे त्यातलेच. तुमची तक्रार त्यात बसत असेल तर तसं नाव घेऊन सांगा.

तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे शहाद्याच्या माणसाने नंदुरबारला, चाळीसगावच्या माणसाने जळगावला. कंपनी बंगळुरूची असली तरी तिकडे जावं लागत नाही. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही भरता येते. मुदत 2 वर्षं.

आणि हे सगळं करताना 'कस्टमर केअर'चा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे ठग बसलेले असतात. ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागितली की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.