खाऱ्या हवेतलं एअर-कूल्ड रेस इंजिन: हेडचे स्टड कसे निवडायचे, कसे बसवायचे

स्टड म्हणजे हेड आणि बॅरल (सिलिंडर) क्रँककेसला आवळून धरणाऱ्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळ्या. रेससाठी कॉम्प्रेशन वाढवलं की पहिला सल्ला मिळतो तो जाड आणि कडक स्टड टाकण्याचा. एअर-कूल्ड इंजिनात हा सल्ला निम्माच खरा आहे. बॅरल आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमची असतील, मिळून उंची १५० मिमी असेल आणि तापमान १५० अंशांनी वाढलं, तर अॅल्युमिनियम साधारण अर्धा मिमी वाढतं. पोलादी स्टड तेवढाच तापला तरी पाव मिमीच्या आसपास वाढतो. उरलेला पाव मिमी स्टडला ताणून भरून काढावा लागतो. जाड स्टड सहज ताणत नाही, त्यामुळे त्याची ओढ वाढते आणि ती क्रँककेसच्या आट्यांवर येते. स्टड शाबूत राहतो, आटे मात्र उपटून येतात. म्हणून मधला दांडा आट्यांपेक्षा बारीक असलेला स्टड घ्या. एम-१० (१० मिमी व्यासाच्या आट्यांच्या) स्टडचा दांडा ७ मिमी असला तर तापल्यावरची वाढीव ओढ जवळपास निम्मी होते. बिडाच्या बॅरलला हा त्रास बराच कमी, कारण बीड पोलादाइतकंच वाढतं. तिथे फक्त हेडच्या जाडीचा फरक उरतो.

ग्रेड (८.८, १०.९, १२.९ असे ताकदीचे आकडे; मोठा आकडा म्हणजे जास्त ताकद) वाढवला म्हणून स्टडचा ताठपणा बदलत नाही. ८.८ काय नि १२.९ काय, ठरावीक ओढीला सारखेच ताणतात. कडक स्टड फक्त कायमचा लांबायला उशिरा लागतो. १०.९ पुरतो. चकचकीत झिंक प्लेटिंग केलेला १२.९ किनाऱ्यावर टाळाच. प्लेटिंगमध्ये आणि गंजताना पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि असा स्टड उभ्या गाडीतही अचानक तुटू शकतो. काळा, तेलकट फिनिश बरा. गंज नको म्हणून कोकणात स्टेनलेसचा मोह होतो, पण साधा ए२-७० हा ८.८ पेक्षाही लवकर लांबतो, नट त्यावर जाम होतो आणि खाऱ्या ओलीत शेजारचं अॅल्युमिनियम खातो.

चिपळूण-रत्नागिरीकडच्या लेथवर करून घ्यायचे असतील तर इएन-२४ टी हे कडक केलेलं मिश्र पोलाद मागा, आणि दांडा जिथे आट्यांना भेटतो तिथे गोलाई ठेवायला सांगा. तिथली धारदार खाच म्हणजे तुटायची जागा. दांड्यावर टूलच्या रेघा राहू देऊ नका, पॉलिश करून घ्या. रोल केलेल्या (कापून नव्हे, दाबून पाडलेल्या) आट्यांचा तयार स्टड मिळत असेल तर तोच घ्या.

जुना स्टड काढायला घाई नको. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत तो केसला चिकटलेला असतो. आट्यांत भेदक तेल सोडा, रात्रभर ठेवा, हीटगनने केस १०० अंशांच्या आसपास तापवा, दोन नट एकमेकांवर आवळा आणि आधी किंचित घट्ट करून मग सोडवा. तरी आटे आलेच तर एम-८ साठी ८.३ मिमी ड्रिल मारून, हेलिकॉइलच्याच टॅपने आटे पाडून १६ मिमी लांबीचा हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा.

भोकातलं तेल हवेने पूर्ण उडवा. बंद भोकात तेल राहिलं तर स्टड आत जाताना दाब बसून केसला तडा जातो. आटे साफ करायला कापणारा नव्हे, साफ करणारा टॅप वापरा. अॅल्युमिनियमात स्टड व्यासाच्या दुप्पट आत हवा: एम-८ साठी १६ मिमी. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावून हातानेच बसवा, तळाला आवळून दाबू नका. चारही स्टडची उंची सारखी आहे ना पाहा आणि बॅरल न घासता खाली उतरतो का तेही.

नटाखाली जाड, कडक वॉशर हवाच. मऊ वॉशर हेडमध्ये रुततो आणि ओढ गळते. ज्या भोकातून तेल वर चढतं, तिथला टोपीचा नट नि तांब्याचा वॉशर दुसरीकडे लावू नका.

टॉर्कचा आकडा मॅन्युअलचा घ्या, पण तो कोरड्यासाठी आहे की तेलासाठी हे बघा. एम-८ ला कोरड्यावर २५ न्यूटन-मीटर दिले तर साधारण १५-१६ किलोन्यूटन ओढ येते. मोली (मॉलिब्डेनमचं) ग्रीस लावून तेवढेच दिले तर ती २५ किलोन्यूटनच्या पुढे जाऊ शकते, आणि ८.८ ची मर्यादा जेमतेम २१ आहे. आवळताना कर्णाकर्णी, तीन टप्प्यांत: १०, मग १७, मग पूर्ण.

इंजिन एकदा पूर्ण तापवा आणि रात्रभर थंड होऊ द्या. गार इंजिनावर एकेक नट पाव फेरा सोडून पुन्हा टॉर्क द्या, मग टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट लावा. गरम इंजिनावर हे करू नका, आकडा खोटा येतो. समुद्राजवळच्या ट्रॅकवरून आलात तर फिन्स गार झाल्यावर गोड्या पाण्याने धुवा. तापलेल्या हेडवर पाणी मारू नका. पुढच्या वेळी हेड उघडाल तेव्हा प्रत्येक स्टडवर नवा नट हाताने फिरवून पाहा. मधेच अडला तर आटे ताणलेत: तो एकच नव्हे, चारही बदला.