ड्रिपिंग स्प्रिंग्जची वाट कशी चालावी: वाळवंटी डोंगर, पडके हॉटेल आणि ओसाड सॅनेटोरियम

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, लास क्रूसेस शहराच्या पूर्वेला ऑर्गन पर्वताचे सुळके उभे आहेत. त्यांच्या पश्चिम उतारावर ड्रिपिंग स्प्रिंग्जची वाट आहे. जाऊन-येऊन सुमारे ५ किलोमीटर, चढ जेमतेम २०० मीटर. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील, पण इथे माणसाला दमवते ती कोरडी हवा. घाम आला की लगेच उडून जातो, अंग चिकचिकत नाही, त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही.

पाणी आधी भरा. हिवाळ्यात माणशी २ लिटर, मे-जूनमध्ये ३. तहान लागायची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी चार घोट घ्या आणि सोबत खारे शेंगदाणे ठेवा. तासन् तास नुसतं पाणी पीत राहिलं तर मीठ कमी पडतं, डोकं दुखतं, मळमळतं. झऱ्याच्या भरवशावर राहू नका. एरवी तो कड्यावरून थेंबथेंब गळतो, धार धरतो ती पावसानंतरच.

सकाळीच निघा. शहरातून युनिव्हर्सिटी अव्हेन्यूने सरळ पूर्वेला जा. हाच रस्ता पुढे ड्रिपिंग स्प्रिंग्ज रोड होतो आणि सुमारे १६ किलोमीटरवर माहिती केंद्रापाशी संपतो. गाडीमागे ५ डॉलर शुल्क आहे. या वाटेवर कुत्रा नेता येत नाही. फाटक उघडताच चालायला लागा. डोंगर पूर्वेला असल्याने सूर्य उशिरा वर येतो आणि सुरुवातीचा चढ सावलीत उरकतो. दुपारी मात्र हाच उतार थेट उन्हात तापतो. जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारी ढग जमतात, विजा पडतात, कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढा येतो. त्या दिवसांत बाराच्या आत खाली या.

चाल. वाट म्हणजे जुना गाडीरस्ता, रुंद आणि ठळक. चढताना त्रास नाही. उतरताना मात्र सुट्या खडीवरून पाय घसरतो. झिजलेल्या तळव्याचे बूट नकोत. पावलं लहान टाका, गुडघे किंचित वाकलेले ठेवा. तोल गेला म्हणून शेजारच्या झुडपाचा आधार घेऊ नका, तिथे फड्या निवडुंग असतो. त्याचे मोठे काटे चिमट्याने निघतात. केसासारखी बारीक कुसं मात्र चोळली की आत मोडतात. त्यावर चिकटपट्टी दाबून ओढून काढा. दगडाच्या कपारीत न बघता हात घालू नका, कारण या भागात रॅटलस्नेक आहेत.

इमारती. आधी घोडागाड्यांचा तबेला आणि दुकान यांचे अवशेष लागतात. आणखी वर, कड्याखाली, कर्नल यूजीन व्हॅन पॅटन यांच्या हॉटेलच्या भिंती आहेत. १८७० च्या दशकात त्यांनी इथे थंड हवेचं ठिकाण उभारलं. दिवाळं निघाल्यावर १९१७ साली ते डॉ. नेथन बॉइड यांना विकलं. बॉइड यांच्या पत्नीला क्षय झाला होता, आणि त्यांनी इथे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम चालवलं. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा उंचावरची कोरडी हवा, ऊन आणि विश्रांती हाच उपचार. मिरजेजवळ वानलेसवाडीलाही क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं, त्यामुळे मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही.

या इमारती बघायला किमान पाऊण तास राखा. घाईने फोटो काढून परतलात तर या वाटेचं खरं मोल हुकेल. गिलावा गळून पडलेल्या जागी भिंतीची घडण उघडी पडली आहे, ती जवळून बघा. पण भिंतीला टेकू नका, कठड्यावर चढू नका. सांध्यांतली माती भुसभुशीत झाली आहे, आणि एक दगड निखळला की त्यावरचे सैल होतात. खिळा, काच, पत्र्याचा तुकडा काहीही उचलू नका. हे ठिकाण २०१४ पासून राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे आणि अशी वस्तू नेणं गुन्हा आहे.

परतल्यावर पाण्याची बाटली निम्मी तरी उरली असेल, तरच माहिती केंद्राजवळून ला क्वेव्हा या खडकातल्या गुहेकडे वळा. जोवानी मारिया दे अगोस्तिनी हा इटालियन विरक्त तिथे राहायचा आणि १८६९ साली त्याचा तिथेच खून झाला. फाटक संध्याकाळी बंद होतं. ऋतूप्रमाणे वेळ बदलते, म्हणून आत शिरतानाच पाटीवरची वेळ वाचून ठेवा.